साल्विनाच्या कबरीतली माती

साल्विनाची कबर खणायला ग्लिगोर आणि त्रिफोन सकाळी सातला लागले. दोघं तिचे शेजारी. कबर शेजाऱ्यांनीच खणायची, आणि या गावात खणणारे शोधावे लागत नाहीत. रोमनांपासून दोन हजार वर्षं लोकांनी इथे दुसरं केलंय काय? अपुसेनी डोंगररांगेतला हा डोंगर सोन्यासाठी आतून इतका पोखरलाय की वर जोरात पाय आपटायलाही म्हातारी माणसं कचरतात.

छातीएवढं खोल गेल्यावर त्रिफोनची कुदळ पांढऱ्या गारगोटीवर आदळली. ग्लिगोरनं फुटका तुकडा उचलला, थुंकी लावून विजारीवर घासला आणि उन्हात तिरका धरला. चाळीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. तुकड्यात केसाएवढी सोन्याची रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जन्मभर मर मर मेलो, तेव्हा कुठे दडून बसली होती ही?" त्रिफोन म्हणाला.

"हळू बोल."

"इथे कोण ऐकतंय? सगळे मेलेले!"

पण ग्लिगोरला घाम फुटला होता. चार वर्षांपूर्वी खाणीच्या कंपनीनं खालची दफनभूमी खाणीत घेतली. साल्विनाच्या आईबापांची हाडं खोक्यांत भरून दुसरीकडे नेली, आणि कोणत्या खोक्यात कोण, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. वरची दफनभूमी वाचली ती केवळ कंपनीच्या कागदांत इथला दगड वांझ, बिनसोन्याचा ठरला म्हणून. गेल्या आठवड्यात साल्विनानं अंथरुणातून ग्लिगोरचा हात धरला होता. "मला नवऱ्याशेजारी ठेव रे. आणि पुन्हा कुणाला उचलू देऊ नकोस." तो हो म्हणून बसला होता.

"दुसरीकडे खणू या," त्रिफोन म्हणाला.

"नवरा इथे आणि ती तिकडे? लोक का म्हणून विचारतील. गप माती टाक वर."

पांढरे दगड त्यांनी ढिगाच्या तळाशी दडपले आणि वर काळी माती पसरली. अकराला पावसाची सर आली आणि सगळी मेहनत धुऊन गेली. खाली ओढा खाणीच्या पाण्यानं नेहमीसारखा तांबडा वाहत होता, जुन्या बांधाच्या तळ्यावर धुकं चढत होतं, आणि परत ऊन पडल्यावर ढीग बारीक चमकायला लागला. आता काही करायला वेळ नव्हता. घंटा वाजली होती.

सगळं गाव आलं, म्हणजे उरलेलं गाव, चाळीसेक माणसं. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, पेटी खाली गेली, आणि मूठमूठ माती टाकायची वेळ आली. ग्लिगोरनं हे हिशेबात धरलंच नव्हतं. खाणीच्या गावचा माणूस हातात आलेली माती तशीच टाकत नाही, आधी बोटांत चुरतो. पहिल्या म्हातारीनं चुरली, थबकली आणि टाकली. मागच्यानं चुरली, ग्लिगोरकडे पाहिलं आणि टाकली. रांग फार सावकाश सरकत होती.

साल्विनाचा मुलगा साबिन सगळ्यांच्या मागे उभा होता. खरं तर त्यानं पुढे असायचं. पण तो कंपनीसाठी दगडांचे नमुने गोळा करतो, आणि त्यापायी आईनं तीन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. अंगावर कंपनीचंच जाकीट, कारण दुसरं गरम काही नव्हतं. त्यानं मूठ भरली आणि नकळत, रोजच्या सवयीनं, मातीतल्या खड्याला जीभ लावली. ओल्या दगडात सोन्याचा रंग दिसतो.

चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. ग्लिगोरला वाटलं, संपलं सगळं. आपला शब्द आठवडाभरही टिकला नाही. त्याला रडू येऊ लागलं.

साबिननं खडा बराच वेळ न्याहाळला. मग खाली पेटीकडे पाहिलं.

"यात काही नाही," तो म्हणाला.

"तर काय!" त्रिफोन ओरडला. "भिकार जमीन! बटाटासुद्धा यायचा नाही इथे."

"कांदाही नाही यायचा," मघाची पहिली म्हातारी ठसक्यात म्हणाली.

पाद्रीबाबांनीही मान डोलावली, म्हणजे खोट्यात तेही आले.

साबिननं खडा कबरीत टाकला आणि त्रिफोनच्या हातातलं फावडं घेतलं. आईची कबर मुलानं बुजवायची नसते. गावात असं कधी झालेलं नाही. त्याला कुणी अडवलं नाही. ढीग संपेपर्यंत, तळाच्या पांढऱ्या दगडांसकट, त्यानं एकट्यानं माती ओढली.