लाल डाग पडलेली नळी

नेलिदाबाईंनी विमान गवतावर पोटावर उतरवलं, तेव्हा विमान क्लबच्या अंगणात मांस भाजत होतं आणि रेडिओजवळ कोणीच नव्हतं. उजवं चाक बाहेर येत नाही, हे त्यांनी वरून सांगितलं होतं, पण ते ऐकलं कोणी? तीनपैकी दोनच चाकांवर विमान टेकताच गिरकी घेतं, म्हणून त्यांनी ती दोन्ही परत आत घेतली आणि त्या सरळ घसरत आल्या. बाईंना खरचटलंही नाही. पण आम्ही धावत पोचलो तेव्हा चाकं आत-बाहेर करायचा दांडा ‘वर’, म्हणजे चाकं आत, असा होता.

बाई चाकं काढायलाच विसरल्या, असं मेकॅनिक एल्वियोने जाहीर केलं.

पाम्पाच्या गवताळ मैदानातल्या आमच्या क्लबात चाकं विसरणाऱ्याला सगळ्यांना अख्खं कोकरू भाजून घालावं लागतं आणि त्याचं नाव कायमचं ‘घसरगुंडी’ पडतं. कोकराचं काही नव्हतं. पण नेलिदाबाई विमान चालवायला शिकवतात. घसरगुंडीकडे शिकायला कोण येणार?

तपासनीस येईपर्यंत विमानाला हात लावायला बंदी होती. बघायला नव्हती. लोक पांगल्यावर मी पंखाखाली आडवा पडलो आणि फटीतून टॉर्च मारला. उजव्या चाकाच्या बिजागरीत एक वाकलेली धातूची नळी रुतली होती. माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, ओढून प्यायची नळी. चाकं हलवणाऱ्या यंत्रणेतलं लाल तेल वरून गळून ती लाल झाली होती.

बाईंनी फोटो काढून घेतला. पण नळी कोणाची? वर्धापनदिनाला क्लबने सगळ्यांना तसलीच वाटली होती. चाकांची साफसफाई एल्वियोनेच केली होती खरी, पण विचारलं असतं तर म्हणाला असता, "तुमचीच पडली असेल, बाई."

बाईंनी विचारलंच नाही. स्वतःची नळी दाराच्या फटीत धरून वाकवली, तिच्यावर लिपस्टिकचं बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी हँगरसमोर सगळ्यांना माते प्यायला बसवलं.

मातेची तुंबी एक, नळी एक, आणि सगळ्यांनी त्यातूनच आळीपाळीने प्यायचं. बाई गरम पाणी ओतून एकेकाच्या हातात देत होत्या. अध्यक्ष रेकाल्दे यांनी लाल डाग पाहिला आणि आज बाईंनी नटायचं मनावर घेतलंय, असं म्हणून ते निवांत प्यायले. मीही प्यायलो. मग तुंबी एल्वियोकडे गेली.

एल्वियो सकाळपासून रात्रीपर्यंत माते पितो. त्याने नळीकडे पाहिलं, तुंबी तशीच परत केली आणि म्हणाला, "ग्रासियास."

आमच्याकडे मातेच्या बैठकीत ‘ग्रासियास’, म्हणजे ‘आभार’, याचा अर्थ पोट भरलं, आता नको. पहिल्या घोटाआधी तसं कोणी म्हणत नाही.

"एक घोटही नाही?" बाईंनी विचारलं. "तब्येत बरी आहे ना रे?"

"त्या तेलात पडलेली नळी आहे ती. धुतली तरी वास जात नाही."

"कुठल्या तेलात?"

रेकाल्दे यांनी ओठ चाटून पाहिले. एल्वियो माझ्याकडे बघत राहिला. मी बुटांकडे.

"ती लिपस्टिक आहे, एल्वियो," बाई म्हणाल्या. "तेलातली अजून विमानातच आहे."

एल्वियोने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. बिजागरीतला वाळका चिखल खरवडायला दुसरं काही हाताशी नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी जेवायला हाक मारली आणि नळी तिथेच राहिली.

"उद्या तपासनिसाला तू सांगशील की मी फोटो दाखवू?"

"मीच सांगतो. आणि तुम्ही विसरला नव्हता, हेही." त्याने हात पुढे केला. "आणा इकडे ती."

बाईंनी तुंबी पुन्हा भरली. त्याने नळी तळाशी गुरगुरेपर्यंत ओढली आणि तोंड पुसलं.

"रंग जरा भडक आहे, बाई," तो म्हणाला. "तुम्हाला शोभणार नाही."