संशयाची पट्टी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पट्टीबाबा बसले होते आणि पुढ्यात वीतवीतभर लोखंडी पट्ट्यांची चळत. नवऱ्याने बायकोचं नाव घेऊन पट्टी वाकवायची आणि सोडायची. सरळ झाली तर बायको निष्ठावान, वाकडी राहिली तर तिच्या मनात दुसरा! एका म्हाताऱ्याची पट्टी टणकन सरळ झाली, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि आजीबाई चक्क लाजल्या.

"मनात जितका संशय, तितका जोर लावा!" बाबा गरजले. "माणूस खोटं बोलतो, वकील बोलतो, लोखंड खोटं बोलत नाही!"

बायकोला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याकडे संशयाचा तोटा नव्हता. दुकानासमोरचा घड्याळजी काहीतरी बोलायचा आणि शिंप्याची बायको काजं करता करता खळखळून हसायची. नवऱ्याच्या विनोदावर तिने आजवर फार तर 'हं' म्हटलं असेल. ती घड्याळजीशी बोलली की याच्या पोटात जळायचं; नाही बोलली की 'आता लपवतेय' म्हणून जास्तच जळायचं. त्याने दातओठ खाऊन पट्टी वाकवली आणि सोडली. ती वाकडीच राहिली.

"अरेरे!" बाबांनी डोळे मिटले. बायको पांढरीफटक पडली.

दुकानात येताच शिंप्याने आतल्या खोलीतून तिची बॅग आणून दाराशी आपटली. "माहेरी जा. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

ही बातमी त्याच्या थोरल्या बहिणीला पोचायला वेळ लागला नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने आल्या आल्या कोपऱ्यात हात घातला. कापडाचे गठ्ठे ज्या पट्ट्यांनी बांधून येतात, त्यांचे तुकडे तिथे पडलेले असत.

"बाबाची पट्टी हीच ना?"

शिंप्याने निरखून पाहिलं. तीच रुंदी, तोच काळपट रंग. रोज तो हीच पट्टी कापून फेकत होता.

"थोडीशी वाकव. सोड." पट्टी सरळ झाली. "आता माझं नाव घे आणि मघासारखी दातओठ खाऊन वाकव." पट्टी वाकडीच राहिली. "मग? तुझ्या भाऊजींना सांगू, मला घराबाहेर काढा म्हणून?"

शिंप्याने वाकडी पट्टी खाली ठेवली.

"अरे, धातूला मर्यादा असते. तिच्या आत वाकवलं तर तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. त्यापुढे ताणलं की आतल्या कणांचे थर एकमेकांवरून सरकतात, ते सोडल्यावर मागे येत नाहीत. ज्याला संशय नाही तो हलक्या हाताने वाकवतो. तुझ्यासारखा जळका सगळा जोर लावतो. बाबा तोंडाने तेच सांगतोय आणि तुम्ही टाळ्या पिटताय!"

शिंप्याने घाईघाईने बॅग उचलली. "चुकलं माझं. ठेवतो आत."

"आणि पट्टी सरळ झाली असती तर?" दाराशीच उभ्या असलेल्या बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मग प्रश्नच नव्हता!"

"म्हणजे पट्टी सांगेल तर मी चांगली. मी सांगितलेलं कधी ऐकलंत?" तिने त्याच्या हातातून बॅग घेतली आणि नणंदेबरोबर चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शिंपी पट्ट्यांचे तुकडे घेऊन व्यासपीठावर चढला. पुढच्याच रांगेत घड्याळजी बसला होता. त्याला बघून याच्या पोटात जळलंच, तरी याने सगळ्यांसमोर एक पट्टी हलकेच वाकवून सरळ करून दाखवली आणि दुसरी जोराने वाकडी करून दाखवली. बाबा 'नास्तिक, नास्तिक' ओरडत मागच्या दाराकडे सरकले.

"लोकहो, लोखंडाला तुमच्या घरातलं काही कळत नाही," शिंपी म्हणाला. "माझी बायको बहिणीकडे आहे, कधी येईल ठाऊक नाही. मी तिला विचारायचं सोडून पट्टीला विचारलं. तुम्ही तरी घरी जाऊन बायकोला विचारा आणि ती सांगेल ते ऐका."