नाव पडलेला पाला

आमची चुलती अनुसयाबाई हट्ट्याच्या शिवारात दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, पण पाल्याची गोष्ट निघाली की तिचा तोरा एखाद्या शास्त्रीबुवाचा. मातीला धरून अंथरुणासारखी पाथरते ती पाथरी. कच्चा पाला कांदा, मीठ, तेल घालून मुठीनं घोळायचा, म्हणून तो घोळाणा. कुणीतरी आधी खाल्लं, जगलं, मगच नाव पडलं, असं तिचं ठाम मत. नाव असलेला पाला बिनघोर खावा. आम्ही पोरं तिची टिंगल करायचो आणि मागून मागून खायचोही.

२००१ साली दसऱ्याच्या आधी शेषराव मालकाच्या कापसात खुरपणी लागली. आदल्या संध्याकाळीच त्यानं औषध फवारलं होतं. सांगितलं असतं तर बाया आल्या नसत्या, म्हणून तो गप्प बसला. वास यायचा, पण त्या दिवसांत तो सगळ्या शिवारालाच यायचा. दुपारी चुलतीनं नेहमीसारखी सरीतली पाथरी उपटली, पदराला पुसली आणि सगळी सोबत आलेल्या लेकीच्या भाकरीवर ठेवली. सत्यशीलेला ती फार आवडायची. ऊन कलायच्या आत पोरीच्या तोंडाला फेस आला. वसमतला दवाखान्यात नेता नेता टेम्पोतच गेली.

शेषरावानं गावात उठवलं की पोरीनं पाथरी समजून भलताच विषारी पाला खाल्ला, आईलाच ओळखता आला नाही. गावाला ते लगेच पटलं. रोजानं त्याच्याकडेच जायचं होतं ना! मला त्या लोकांचा अजून संताप येतो. लेक तर गेलीच, वर आईनंच तिला विष चारलं असा बोल लागला. चुलती कुणाशी बोलेना.

पुढं शेषराव दुखवट्याला आला. अंगणात चार माणसं बसलेली पाहून त्यानं रानातलं काहीबाही खाऊ नये म्हणून उपदेश सुरू केला. चुलती आत गेली आणि ताटलीत घोळाणा घेऊन आली.

"तुमच्याच कापसातली हाय, मालक. सकाळी आणली. बगा बरं, पाथरीच हाय का भलतं काई?"

त्यानं पान उचलून पाहिलं. पाथरीच आहे म्हणाला. मग दोन घास खा, म्हटल्यावर त्याला एकाएकी उपास आठवला. ताटली तशीच खाली राहिली.

तेवढ्यात दावं तोडून शेळी आली आणि तिनं ताटलीकडे तोंड नेलं. आम्ही हलायच्या आत शेषराव उठला आणि त्यानं शेळीला हाकलून लाथेनं ताटली उडवली.

"मरंल ती. कालच फवारलंय."

चुलतीनं शेळीचं दावं धरलं. आवाज चढवला नाही.

"शेळीला हाकललं, बरं केलं, मालक. माझ्या लेकीला काहून न्हाई हाकललं?"