राणी रंगात बुडवलेला मुनिया

मित्रांनो, मी एक म्हातारा लाल मुनिया आहे. चिमणीहून लहान. पण माझा राग लहान नाही, तेव्हा गोड गोष्टीची वाट पाहू नका.

माझा जन्म सुरतेजवळ चलथाणच्या उसात झाला. आम्हां मुनियांची घरं तरी किती! मी उसाच्या पाल्यात, ठिपकेवाली बाभळीत, पांढऱ्या कंठाची माळरानावर आणि हिरवी पार अबूच्या डोंगरात. ज्या जागी जो रंग शोभेल, तो तिथल्यांना मिळालेला. आम्ही लाल नर पावसाळ्यात पेटतो आणि होळीपर्यंत मातकट होतो. रंगाला विसावा नको का? पण हे माणसांना कोण सांगणार!

सत्त्याण्णव साली होळीच्या आठवड्यात उसावर जाळं पडलं. मी आणि माझी जोडीदारीण बाजारात आलो. तिथून भेस्तानच्या हेमराजने आम्हांला आपल्या लेकीसाठी, चंचलसाठी नेलं. हेमराज खानदेशातून आलेला, डाईंग मिलमध्ये रंगारी. दाखवाल ती छटा कापडावर हुबेहूब उतरवायचा. आम्ही त्याला रंगवायचं राहिलेलं कापड वाटलो! मिलमधून आणलेल्या राणी रंगात त्याने आम्हां दोघांना बुचकळून काढलं.

"देख चंचल, कसा भारी रंग चढना!"

शेजारीपाजारी वाहवा करून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चिवचिवाट कोण ऐकतो? आम्ही चोचीने पिसं साफ करतो. माझी जोडीदारीण एकेका पिसावरून तो रंग काढत राहिली, गिळत राहिली. तिसऱ्या दिवशी ती पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडली.

चंचल हमसून हमसून रडली. "रडू नको, तुले दुसरी लई दिसू," हेमराज म्हणाला. दुसरी आणून द्यायची म्हणे! ती काय फाटलेली साडी होती?

पुढे माझी राणी पिसं गळाली. आषाढात नवी आली, लालभडक, वर पांढरे ठिपके. कामावरून आलेला हेमराज पिंजऱ्यासमोर थबकला.

"हाऊ रंग कोनी दिना?"

"कोनी नही, बापू. तो तेनाच शे," चंचल म्हणाली. "तू थांबना नही." खरंच, तो थांबला असता तर माझाच रंग त्याला आपोआप दिसला असता.

हेमराज खाली बसला आणि आपल्या रंग मुरलेल्या हातांकडे पाहत राहिला. सुट्टीच्या दिवशी त्याने सायकलला पिंजरा बांधला, चलथाणच्या बांधावर आणला आणि दार उघडलं. तो हात जोडून उभा होता. मी वळून पाहिलं नाही. अजूनही मी त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, आमचे रंग पाहायचे असतील तर आमच्या घरी या. लांब उभे राहा, वाट पाहा, आणि मातकट पाखरू दिसलं तर हात खिशात ठेवा.

माझी जोडीदारीण तर बारा महिने मातकटच असायची, आमच्या माद्या तशाच असतात. ती माझ्यासारखी लालभडक कधीच होणार नव्हती. मला ती तशीच आवडायची.