फाटकाजवळची भिंत

मार्गशीर्षाची सकाळ होती. तुरीच्या शेतांवर पिवळ्या फुलांची हळद सांडली होती. फुटलेल्या बोंडांतून कपाशीची धवलता उतू जात होती. आणि त्या पीतशुभ्र पसाऱ्याच्या मधोमध, मातीच्या उंच भरावावरून, एक वाट पूर्वेकडे चालली होती. सरळ, संथ, जणू कुणीतरी घाईने निघालं होतं आणि मध्येच घाई विसरून गेलं होतं.

ही वाट एके काळी लोखंडाची होती. तिच्यावरून छोटी गाडी जायची, कृष्णवर्णी, बुटकी, धूम्रकेशी. ती आली की देऊळझरी गावच्या गाई माना वर करायच्या, ती गेली की आभाळात तिचा काळा श्वास बराच वेळ विरघळत राहायचा. मग एका वर्षी गाडी यायची थांबली. रूळ उचलले गेले. उरला तो भराव, उरली खडी, उरलं बोराटीचं काटेरी रान.

त्या रानातून गावाने वाट काढली. बायकांनी खडी वेचली, बाप्यांनी मुरूम टाकला, दुतर्फा कडुनिंबाची रोपं लागली. संध्याकाळी म्हातारेकोतारे त्या वाटेवर पाय मोकळे करू लागले, नव्या सुना लेकरं कडेवर घेऊन हवा खाऊ लागल्या. लोखंडाची वाट पायांची झाली.

पण फाटकाजवळची भिंत मात्र तशीच होती. भरावाला पाठ लावून उभी राहिलेली, लांबलचक, काळ्या दगडांची, कोळशाच्या जुन्या धुराने आणखी काळवंडलेली. तिच्याकडे बघितलं की वाटेवरचं ऊनही क्षणभर मंद वाटायचं.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मृण्मयी बोंडेने ती भिंत मनावर घेतली. रंग लावायचा नाही, असं तिने ग्रामपंचायतीत सांगितलं. रंग दोन पावसाळ्यांत जातो. काच लावायची. चिनीमाती लावायची. घराघरातलं जे फुटलंय आणि तरीही टाकवलं नाही, ते सारं सिमेंटच्या ओल्या गिलाव्यात बसवायचं, आणि त्यातून चित्र घडवायचं.

आणि काय आश्चर्य! गावाने आपल्या फडताळांचे कोपरे उघडले. फुटक्या कपबशा आल्या, तडकलेले आरसे आले, लग्नातल्या बांगड्यांचे हिरवेजर्द तुकडे आले. कुणाच्या सासूची निळ्या वेलबुट्टीची बशी आली, कुणाच्या न्हाणीघरातल्या फरशा आल्या, कुणी देवळाच्या जुन्या कळसाची चकाकती कपची पदराखाली झाकून आणली. भिंतीच्या पायथ्याशी भग्नतेचे ढीग लागले. आणि त्या ढिगांवर ऊन पडलं, तेव्हा साऱ्या गावाची फुटतूट हिऱ्यामाणकांसारखी लखलखली.

मधोमध छोटी गाडी हवी, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. गाडी हवीच! तिचं इंजिन भिंतीवर कोळशाने रेखून दिलं दौलतराव मेश्रामांनी. आयुष्यभर तेच इंजिन त्यांनी हाकलं होतं. ऐंशीला टेकलेले दौलतराव, थरथरत्या बोटांचे, थोडक्या बोलण्याचे. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे, आणि फाटकाकडे सहसा न फिरकणारे.

फाटकाला लागून जे पहिलं घर, ते पार्वताबाई ढोके हिचं. तिच्या घरातून एकही तुकडा आला नाही.

का आला नाही, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच कुणी विचारलं नव्हतं.

चाळीसएक वर्षांपूर्वी, अशाच एका मार्गशीर्षात, पार्वताने आपल्या सात वर्षांच्या लेकीच्या हाती बापाची न्याहारी दिली होती. बाप रुळांपलीकडच्या शेतात. पोरीला ही कामगिरी फार आवडायची, कारण फाटकाशी उभं राहून ती गाडीला हात करायची आणि गाडी तिला शिट्टी द्यायची. फाटक म्हणायचे, पण अडवायला काही नव्हतंच. दोन पांढरे खांब होते फक्त. त्या सकाळी धुकं होतं. दूधदाट, अंध, अथांग धुकं. पार्वताने दारातून शिट्टी ऐकली. मग चाकांचा चीत्कार ऐकला. आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं तिने काहीच ऐकलं नाही.

नवरा पुढे गेला, तापाने. अंगणातली तुळस वाळली, पुन्हा लावली, पुन्हा फुलली. केस पिकले. पण ‘मीच धाडली तिले,’ हे तीन शब्द पार्वताच्या आत हिरवेच राहिले, कधीही न पिकणारे, कधीही न गळणारे.

आणि आता दारासमोरच्या भिंतीवर ते इंजिन पुन्हा आलं होतं.

मृण्मयीला ही गोष्ट उशिरा कळली. कळताच ती पार्वताकडे आली आणि उंबऱ्याशीच बसली.

“मावशी, भिंत तुमच्या डोळ्यांपुढे राहणार, आमच्या नाही. तुम्हाला नको असेल तर इंजिन काढून टाकू. सगळ्यांशी बोललेय मी. कुणाची ना नाही.”

पार्वता सुपातली तूर निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

“मी पाहून घेतो अगोदर,” ती म्हणाली. “मंग सांगतो.”

माध्यान्ह झाली. भिंतीवर काम करणारी माणसं जेवायला घरोघर पांगली. पाखरंही कडुनिंबाच्या पोटात शिरून गप्प झाली. त्या निर्मनुष्य, निःशब्द, झळाळत्या दुपारी पार्वता घराबाहेर पडली आणि पहिल्यांदाच त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

भिंतीशी आधीच कुणीतरी होतं. ओल्या फडक्याने एक वाकलेला म्हातारा इंजिन पुसत होता. कोळशाचं काळं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं, पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीत मुरत होतं. इंजिनाचं नाक पुसलं गेलं होतं. मागे धावणारी धुराची लांब शेपटी अजून शाबूत होती.

“पुसू नका,” पार्वता म्हणाली.

दौलतराव वळले. फडकं हातातून गळून पडलं. दोघांच्या मध्ये बांगड्यांच्या तुकड्यांचा ढीग होता, आणि त्यावर नाचणारं ऊन.

“बाई, म्या काढायलेच नको होतं.” त्यांचा आवाज धुळीसारखा कोरडा होता. “मृण्मयी पोरीनं गळ घातली. तुमचं दार हाये समोर, हे ध्यानात नव्हतं असं कसं म्हनू? ध्यानात होतं. तरी हात गेला.”

पार्वताने मान हलवली. ते तिला ऐकायचं नव्हतं. तिला जे विचारायचं होतं ते तिने इतकी वर्षं गिळलं होतं, आणि गिळून गिळून त्याची धार गेली नव्हती.

“तिले शेवटचं तुमीच पाह्यलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोनीच नाही. मले एवढंच सांगा. भ्याली होती का माही पोरगी?”

वारा थांबला. तुरीचं शेत थांबलं. दौलतरावांच्या डोळ्यांत कुठलीतरी जुनी सकाळ आली आणि उभी राहिली.

“नाही,” ते म्हणाले. “धुक्यातून एकदम दिसली. हात वर होता तिचा, रोजच्यावानी. हसत होती. गाडी केवढी जवळ आली, हे तिले ठावंच नव्हतं. मी भ्यालो, बाई. छबू नाही भ्याली.”

छबू.

ते नाव दुसऱ्याच्या तोंडून तिने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. तिच्यादेखत ते उच्चारायचं नाही, असं गावाने दयेने ठरवलं होतं. आणि त्या दयेच्या तळाशी तिची लेक बुडून गेली होती. आता ते नाव वर आलं, ओलं, उजळ, जिवंत. पार्वता तिथेच खाली बसली. काचांच्या ढिगाशेजारी बसून ती रडली. आवाज न करता, पण अडवूनही न धरता. उन्हाळ्यात आटलेल्या झऱ्याला आतून पाझर फुटावा, तशी.

हे सांत्वनापुरतं खोटं असेल का? ही शंकाही तिच्या मनाला शिवून गेली. पण सांत्वनाचं खोटं लोक लगेच घेऊन येतात, हातोहात देऊन मोकळे होतात. हा माणूस तर ते उराशी धरून म्हातारा झाला होता.

“काहून नाही आले सांगायले?” तिने विचारलं.

“कोन्या तोंडानं येऊ?”

तिने पदराने डोळे पुसले, भिंतीकडे पाहिलं. नाक पुसलेलं ते इंजिन, आणि मागे भरधाव उडणारा त्याचा धूर. बघता बघता तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

“इंजिन राहू द्या,” ती म्हणाली. “पन ते उभं दाखवा. फाटकाशी थांबलेलं.”

दौलतरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून फडकं उचललं. इंजिन त्यांनी पुसलं नाही. पुसला तो धूर. मागे पळणारी ती सारी काळी शेपटी त्यांनी हळूहळू, हळूहळू भिंतीवरून उतरवली. नंतर कोळसा घेतला. इंजिनाचं नाक पुन्हा रेखलं. आणि धुराड्यातून त्यांनी एक रेघ वर नेली, सरळ, निश्चल, देवघरातल्या उदबत्तीच्या धुरासारखी. थांबलेल्या गाडीचा धूर असाच असतो. चाकं तीच, डबे तेच. पण त्या एका रेघेने अख्खी गाडी जागच्या जागी विसावली.

ती रेघ पूर्ण होईपर्यंत पार्वता बघत राहिली.

जेवून माणसं परतली, तेव्हा पार्वता ढोके हातात थापी घेऊन भिंतीशी उभी होती. त्यांतली शेवंता धोटे पुढे झाली आणि गिलाव्याचं घमेलं तिच्या पायाशी सरकवून परत गेली.

मग दिवस आले चित्राचे. काळ्या फरशांनी इंजिनाला अंग आलं, आरशाच्या कपच्यांनी चाकांना तेज आलं. डब्यांच्या खिडक्यांतून निळ्या वेलबुट्ट्या डोकावल्या. भिंतीच्या दोन्ही टोकांना कौलांच्या तांबड्या तुकड्यांची घरं उठली, बाटल्यांच्या काचेचे कडुनिंब झुलले. आणि इंजिनासमोर, दोन पांढऱ्या खांबांच्या मध्ये, पार्वता एक मुलगी घडवत होती.

फ्रॉक तिने हिरव्या बांगड्यांचा केला, कारण त्या सकाळचा छबूचा फ्रॉक हिरवाच होता. वेण्या काळ्या काचेच्या. हसू एका लाल तुकड्याचं, कुणाच्या तरी फुटक्या कुंकवाच्या डबीच्या झाकणाचं. सारं जमलं, एक हात तेवढा जमेना. वर उचललेला तो चिमुकला तळवा! कपांचे तुकडे फार जाड, फरशांचे फार सपाट. एक बसवावा, काढावा. दुसरा बसवावा, काढावा. गिलावा सुकत चालला.

तेव्हा शेजारून एक हात पुढे आला. त्यावर बशीच्या कडेची एक पांढरी कपची होती, किंचित वळलेली, नखासारखी पातळ. दौलतराव सकाळपासून ढिगाशी बसून होते. ते काय शोधत होते, ते कुणी विचारलं नव्हतं.

पार्वताने कपची घेतली, लावून पाहिली. बसली. दौलतराव पुन्हा ढिगाकडे वळले, दुसरी घेऊन आले, तिसरी, चौथी. एकाने शोधायची, एकीने बसवायची. क्षमेचा शब्द कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही; फक्त एका ओल्या गिलाव्यात दोघांची बोटं वारंवार पांढरी होत राहिली. आणि उतरत्या उन्हात बोटामागून बोट उमलत एक इवलासा तळवा पूर्ण झाला.

मृण्मयी दुरून बघत होती. जवळ जावं असं तिला वाटलं, आणि ती गेली नाही.

सांजावलं. शेताशेतांतून वेचणीच्या बाया भरावावर चढू लागल्या, डोक्यांवर कापसाची गाठोडी, अंगावर दिवसभराचं ऊन. भिंतीपाशी आल्यावर एकेकीची पावलं मंदावली. त्यातली एक परगावची होती. कामाला नवी आलेली.

“ही पोरगी कोन हो?” तिने सहज विचारलं.

शेवंताने तिला खुणावायला हात उचलला.

“माही छबू,” पार्वता म्हणाली. स्पष्ट, सरळ, साऱ्या वाटेला ऐकू जाईल अशा आवाजात. “गाडीले हात करून राह्यली.”

बाया पुढे सरकल्या. त्यांच्या गाठोड्यांतून निसटलेली कापसाची एक बट वाऱ्यावर तरंगत आली, वर गेली, खाली आली, आणि भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यात, त्या काचेच्या वेण्यांपाशी, अलगद रुतून बसली. पार्वताने ती काढायला बोट पुढे केलं. बट थरथरत होती, शुभ्र, हलकी, उबदार.

बोट तिथवर गेलं. आणि हलकेच मागे आलं.