कवळी

सार्तिनीने अमाच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"द्या."

अमाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ताच? जेवायच्या आधी?"

"डॉक्टर म्हणाले ना, कवळी जास्त वेळ भिजायला हवी म्हणून. हिरड्या दुखतात तुमच्या."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. अमाने वाद घातला नाही. कवळी काढून तिच्या हातावर ठेवली, तसे ओठ आत ओढले गेले आणि चेहरा मिटल्यासारखा झाला. सार्तिनीने कवळी पेल्यात बुडवली, पेला फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि अमापुढे रताळं घातलेली पेज ठेवली. काल पेजच होती. परवाही.

मग ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

नातीशी बोलायला तिला दिवसाकाठी एवढाच वेळ मिळे. सार्तिनी जावातलं गाव सोडून तैवानला या अमाची, तिथल्या भाषेत आजीची, देखभाल करायला आली, तेव्हा किनांती रांगतही नव्हती. 'उती', म्हणजे आजी, हा शब्द ती फोनकडे बोट दाखवत शिकली होती. एवढं एक आपलं म्हणून सार्तिनी जपत होती. आणि मागच्या महिन्यात चाकाच्या खुर्चीतली अमा चुकून फोनमध्ये दिसली. पोर बिचकली. अमाने जिभेने कवळी ओठांबाहेर ढकलली आणि कट्कन आत घेतली. किनांती उचकी लागेपर्यंत हसली. तेव्हापासून फोन लागला की पहिला प्रश्न ठरलेला: दातवाली उती कुठंय?

अमाची स्वतःची नातवंडं तैपेईत होती. ती आली की अमा तोंडावर हात धरून हसे. इथे मात्र तिला लाजबीज काही नव्हती. फोन धरून हात अवघडायचा सार्तिनीचा, आणि पोर हसायची त्या म्हातारीकडे बघून.

आजही तेच.

"दातवाली उती कुठंय?"

"झोपली."

"मग तू काढ."

सार्तिनीने तोंड उघडून दाखवलं. "माझे निघत नाहीत गं. पक्के आहेत."

किनांती अगदी जवळ आली. पडदाभर एक डोळा दिसला.

"मग तू नको," ती म्हणाली आणि कोंबडीमागे पळाली.

पडद्यावर नुसती चटई उरली. लांबून सार्तिनीच्या मुलीचा, वुलानचा आवाज आला. "आई, बरी नाहीये का ती म्हातारी? ही रोज डोकं खाते माझं."

सार्तिनीने स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"ठेवू नकोस फोन," ती म्हणाली. "पोरीला बोलाव."

बाहेर अमा पेजेत चमचा फिरवत बसली होती. पेजेवर साय धरली होती. सार्तिनीने फडताळातला पेला काढला, कवळी नळाखाली धुतली आणि अमासमोर वाकली. अमाने मुकाट्याने तोंड उघडलं.

सार्तिनीने नेहमीसारखा फोन तिच्यासमोर धरला, स्वतः बाजूला राहून. किनांती धावत आली. पण अमाने ओठ घट्ट मिटले आणि वाकडं बोट सार्तिनीकडे केलं.

"दुखतंय का?" सार्तिनीने विचारलं.

अमाने नाही म्हणून मान हलवली. सार्तिनीची बाही धरून तिला खाली ओढलं, दोघींचे चेहरे एका पडद्यात येईपर्यंत. पुन्हा बोट दाखवलं.

किनांतीने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"उती," ती पुटपुटली.

अमाने कानामागे हात धरला.

"उती!"

कट्.

पोर चटईवर लोळून हसली. वुलानही हसली. पडद्याच्या कोपऱ्यात सार्तिनीला आपला चेहरा दिसला. तोही हसत होता. फोन संपेपर्यंत अमाने तिची बाही सोडली नाही.

मग अमाने पेजेचा वाडगा लांब सारला.

"तिनी, पेरू काप."

"हिरड्या..."

"डॉक्टर बोलत होते, तेव्हा मीही तिथेच होते."

सार्तिनीने सुरी घेतली. मान वर न करता तिने पेरूच्या पातळ फोडी केल्या, बिया काढल्या आणि त्या बशीत नीट मांडल्या. एक फोड मात्र मुद्दाम जाड ठेवली.