जिन्याखालची शीळ

अमेरिकेतल्या डलुथ गावात थंडी आत येऊ नये म्हणून घरांच्या फटी सरकारी खर्चानं बुजवतात. मग मी विचारायला जातो, की घर तापवायचा गॅस वाचला तो वाचला, आणखी काय काय फायदे झाले?

आरविड हाल्वोरसन आजोबा एकटेच राहतात.

"आवाज कमी झाला का, आजोबा?"

"झाला की! खिडकीची फट शीळ घालायची, मी उत्तर द्यायचो. तुमच्या लोकांनी तिचं तोंडच बंद केलं."

"शांतता फायद्यात धरतात."

"मग माझा फारच फायदा झालाय, पोरा. रविवारपासून कुणाशी बोललो नाही."

नियमाप्रमाणे मी दारात चाचणीचा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर ओढतो, मग उरलेल्या फटीतून बाहेरची हवा आत घुसते आणि फट सापडते. जिन्याखालून बारीक शीळ आली. बाईमाणसासमोर काढावी तशी आजोबांनी अदबीनं टोपी काढली.

"ही नवीन दिसते," ते हळूच म्हणाले. "जरा लाजरी आहे."

सापडलेली फट बुजवणं माझं काम. पण आजोबा जिना अडवून उभे राहिले.

"मला काही ऐकू आलं नाही," म्हणत मी पंखा बंद केला. त्याबरोबर शीळही थांबली; बाहेर वाराही पडला होता. आजोबांनी दोन खुर्च्या ओढल्या, कॉफी ओतली आणि आम्ही वाऱ्याची वाट बघत बसलो. मलाही दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं.